मुलांची उंची कोण ठरवतं?

अंगणवाडीत मुलांचं वजन घेतात, तशी उंचीही मोजतात. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवून आणि त्याहून मोठ्याला ताठ उभं करून. वजन घटलं की आईच्या पोटात गोळा येतो, सेविका घरी चौकशीला येते, पोषण आहाराबद्दल बोलणं होतं. उंचीचा आकडा मात्र नोंदवहीतून मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये जातो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. 'बाप तरी कुठे उंच आहे' असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. हे पुस्तक त्या आकड्याबद्दल आहे. डीन स्पीअर्स या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांच्या उंचीचा शोध घेताना जे पाहिलं, ते मराठी वाचकासमोर नीट मांडावं हा त्यामागचा हेतू आहे. या प्रस्तावनेत त्या संशोधनाची पार्श्वभूमी, त्याचा गाभा आणि त्यावरचे आक्षेप असं तिन्ही सांगायचा प्रयत्न केला आहे.

सुरुवात 'बाप तरी कुठे उंच आहे' या वाक्यापासूनच करायला हवी. एकेका मुलापुरतं त्यात तथ्य आहे. उंच आईबापांची मुलं बहुधा उंच होतात. पण अख्ख्या देशाच्या मुलांची सरासरी उंची आनुवंशिकतेने ठरते का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात शोधलं. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं या अभ्यासात होती. अट अशी, की मूल आईच्या दुधावर वाढलेलं असावं, आई धूम्रपान करणारी नसावी आणि घरची परिस्थिती वाढीच्या आड येणारी नसावी. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांमधली होती. या सहा ठिकाणची मुलं जवळजवळ सारख्याच गतीने वाढली. दिल्लीचं मूल ओस्लोच्या मुलाच्या मागे राहिलं नाही. याच मोजमापांवरून २००६ मध्ये जगभरासाठी वाढीची मानकं तयार झाली आणि आज आपल्या अंगणवाडीतला तक्ता त्यांच्यावरच बेतलेला आहे.

या मानकांनुसार निरोगी मुलांमध्ये शंभरातली दोन-तीनच मुलं अशी असतात, की ज्यांना वयाच्या मानाने खुजं म्हणावं लागेल. भारतात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ४८ टक्के मुलं त्या रेषेखाली होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३८.४ टक्क्यांवर आलं आणि २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्क्यांवर. महाराष्ट्राचे आकडे याच क्रमाने ४६.३, ३४.४ आणि ३५.२ टक्के असे आहेत. पहिल्या दशकात आपण देशाच्या पुढे धावलो आणि नंतर जागेवरच थांबलो; आकडा खाली यायच्या ऐवजी किंचित वरच गेला. दर तीन मुलांमागे एक मूल खुंटलेलं, अशी ज्या राज्याची स्थिती आहे, त्याने या प्रश्नाकडे पाठ फिरवणं परवडणारं नाही.

उंचीला एवढं महत्त्व का द्यायचं, असं कुणी विचारेल. ठेंगण्या माणसांनी जगात मोठी कामं केली आहेत आणि करत राहतील. इथे मुद्दा देखणेपणाचा किंवा रुबाबाचा नाही. गर्भात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत जे अन्न हाडांना मिळत नाही, ते मेंदूलाही मिळत नाही. जे जंतुसंसर्ग शरीराची शक्ती खर्च करतात, ते शिकण्याची शक्तीही खर्च करतात. स्पीअर्सने भारतीय मुलांच्या उंचीची आणि त्यांच्या वाचनाची, बेरीज-वजाबाकीची सांगड घालून पाहिली, तेव्हा वयाच्या मानाने उंच असलेली मुलं दोन्हींत पुढे दिसली. उंची हा बालपणी शरीराने काय सोसलं याचा दाखला आहे, आणि तो आयुष्यभर सोबत राहतो.

आता कोड्याकडे वळू. १९९६ मध्ये डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी युनिसेफच्या वार्षिक अहवालात एक लेख लिहिला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचे बरेचसे आफ्रिकी देश भारतापेक्षा गरीब, त्यांतल्या अनेकांत बालमृत्यू जास्त. तरीही कुपोषित मुलांचं प्रमाण दक्षिण आशियात अधिक. असं का? 'आशियाई कोडं' या नावाने हा प्रश्न पुढे प्रसिद्ध झाला. लेखकांचा रोख बाईच्या दर्जावर होता. जिला नीट खायला मिळत नाही आणि स्वतःबद्दलचे निर्णय घेता येत नाहीत, तिचं बाळ अपुऱ्या वजनाचं जन्मणार, असं त्यांचं म्हणणं. ते आजही खरं आहे. पण कोड्याचा एक तुकडा बाकी होता आणि तो घराबाहेर होता.

डीन स्पीअर्सने प्रिन्स्टन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि आज तो टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत शिकवतो. त्याची दीर्घकाळची सहकारी डायान कॉफी ही समाजशास्त्रज्ञ. दोघांनी उत्तर प्रदेशातल्या सीतापूर जिल्ह्यात मुक्काम ठोकून काम केलं आणि 'राइस', म्हणजे 'रिसर्च इन्स्टिट्यूट फॉर कम्पॅशनेट इकॉनॉमिक्स' ही छोटी संशोधन संस्था उभी केली. तिच्या नावातच करुणा आहे. २०१७ मध्ये दोघांचं 'व्हेअर इंडिया गोज' हे उघड्यावरच्या शौचाबद्दलचं पुस्तक आलं आणि २०१९ मध्ये स्पीअर्सचं 'एअर' हे हवेच्या प्रदूषणाबद्दलचं. एकात जमीन आहे, दुसऱ्यात हवा आहे. दोन्हींच्या मध्यभागी एक वाढणारं मूल आहे.

२०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातल्या ६९ टक्के घरांत शौचालय नव्हतं. आफ्रिकेच्या ग्रामीण भागात हे प्रमाण बरंच कमी होतं आणि शेजारच्या, तेव्हा आपल्याहून गरीब असलेल्या बांगलादेशात तर उघड्यावर जाणं जवळजवळ संपत आलं होतं. त्यात भारतातल्या दाट वस्तीची भर. विरळ वस्तीत एखादा माणूस दूर रानात गेला तर त्याचा इतरांना उपद्रव कमी. पण गंगेच्या खोऱ्यातल्या गावांसारखी घराला घर लागलेली वस्ती असेल, तर मैल्यातले जंतू पायांना, माश्यांना, पाण्याला चिकटून थेट अंगणात येतात. रांगणारं मूल त्याच मातीत हात घालतं आणि तोच हात तोंडात घालतं. स्पीअर्सने अनेक देशांची सर्वेक्षणं एकत्र मांडून दाखवलं, की उघड्यावरच्या शौचाचं प्रमाण आणि वस्तीची घनता यांवरून देशोदेशींच्या मुलांच्या उंचीतला मोठा फरक समजतो. केवळ उत्पन्नावरून तो समजत नाही.

यामागे शरीरात काय घडतं, हे कळलं की आकडे बोलू लागतात. वारंवार जंतू पोटात गेले की दर वेळी जुलाब होतातच असं नाही. आतड्याच्या अस्तराला मात्र सूज येत राहते. अस्तरावरचे, अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजतात आणि शरीराची ऊर्जा या न दिसणाऱ्या लढाईत खर्च होते. डॉ. जीन हम्फ्री यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधून हा मुद्दा ठामपणे पुढे आणला. आपल्याकडच्या आयांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. 'खातो पण अंगी लागत नाही' ही तक्रार प्रत्येक अंगणवाडीत ऐकू येते. पोषण आहाराच्या पाकिटावर जितका खर्च होतो, तितकंच लक्ष ते अन्न अंगी का लागत नाही याकडेही द्यायला हवं.

या संशोधनाचा गाभा इथेच आहे. माझ्या घरात संडास असला, मी पाणी उकळून पीत असलो, तरी शेजारच्या दहा घरांतली माणसं उघड्यावर जात असतील तर माझं मूल सुरक्षित नाही. उलट, माझी ऐपत नसली तरी शेजाऱ्यांच्या चांगल्या सवयी माझ्या मुलाला वाचवू शकतात. स्पीअर्स आणि मायकेल जेरूसो यांनी याचा पुरावा एका जुन्या कोड्यात शोधला. भारतात मुस्लिम कुटुंबं सरासरीने हिंदू कुटुंबांपेक्षा गरीब आहेत, तिथल्या आयांचं शिक्षणही कमी आहे. पण त्यांची तान्ही मुलं जगण्याचं प्रमाण जास्त दिसत आलं आहे. या दोघांच्या अभ्यासाने दाखवलं, की मुस्लिम घरांत संडास वापरण्याचं प्रमाण जास्त आहे आणि ही घरं वस्तीने एकमेकांजवळ राहतात, यावरून हा फरक मोठ्या प्रमाणात उलगडतो. मुस्लिम शेजार असलेल्या हिंदू मुलांनाही त्याचा लाभ झालेला दिसतो. जंतू धर्म विचारत नाहीत आणि स्वच्छताही विचारत नाही.

मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल असा एक प्रयोग आपल्याच राज्यात झाला. २००० च्या सुमारास राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावागावांत स्पर्धा लागल्या, पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. त्याच काळात, २००४ मध्ये, जागतिक बँकेच्या मदतीने संपूर्ण स्वच्छता मोहिमेची शास्त्रीय परीक्षा घ्यायचं ठरलं. निवड झाली अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची. गावांची नावं चिठ्ठ्या टाकून निवडायची, निम्म्या गावांत मोहीम जोमाने राबवायची, निम्म्यांत त्या वेळी नाही, आणि मग दोन्हींकडच्या मुलांची उंची मोजायची. प्रत्यक्षात ठरल्याप्रमाणे मोहीम पोहोचली ती अहमदनगरच्या गावांत. जेफ्री हॅमर आणि स्पीअर्स यांनी तिथल्या साठ गावांची आकडेवारी तपासली. दीड वर्षानंतर, मोहीम झालेल्या गावांत संडास असलेल्या घरांचं प्रमाण थोडंच वाढलं होतं, शंभर घरांमागे आठेक. तरीही मुलांच्या उंचीत ठळक फरक दिसला. चार वर्षांच्या मुलामागे सुमारे १.३ सेंटिमीटर. नांदेड आणि नंदुरबारची कहाणीही तितकीच बोलकी आहे. जिथे मोहीम पोहोचलीच नाही, तिथे फरक पडण्याचा प्रश्न नव्हता. सरकारी यंत्रणा कुठे पोहोचते आणि कुठे पोहोचत नाही, हाही मुलांच्या उंचीचा भाग आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासी मुलांच्या बाबतीत तो किती कठोर आहे, हे आपण जाणतो.

एवढ्यावर विषय मिटला असं कुणी म्हणू नये, कारण विरुद्ध बाजूचा पुरावाही भक्कम आहे. ओडिशात शंभर गावांत झालेल्या प्रयोगात संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ वरून ६३ टक्क्यांवर गेलं, पण मुलांच्या आरोग्यात फरक पडला नाही. मध्य प्रदेशातही तसंच झालं. २०१८ मध्ये बांगलादेश आणि केनियात आणि २०१९ मध्ये झिम्बाब्वेत मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. संडास, हात धुणं, पाण्याची प्रक्रिया हे सगळं करूनही उंची वाढली नाही. काही संशोधकांनी यावरून स्वच्छतेचा आणि उंचीचा संबंधच नाकारला. माझ्या मते एवढी उडी मारता येत नाही. ओडिशात संडास बांधले गेले, पण अनेक घरांत ते वापरले गेले नाहीत. बांगलादेशात उघड्यावर जाणं आधीच कमी होतं, त्यामुळे भारतातल्यासारखा फरक तिथे दिसणं अवघड होतं. पण या प्रयोगांनी एक धडा पक्का दिला. चार भिंती आणि भांडं म्हणजे स्वच्छता नव्हे. अख्ख्या गावाची जमीन बदलल्याशिवाय मुलाचं आतडं बदलत नाही. अर्धवट स्वच्छतेने मुलांची उंची अर्धी वाढेल, अशी आशा धरता येत नाही.

मग बांधलेला संडास वापरला का जात नाही? उत्तर भारतातल्या पाच राज्यांत २०१४ मध्ये राइसने केलेल्या सर्वेक्षणात असं दिसलं, की ज्या घरांत वापरण्याजोगा संडास आहे, अशा ४० टक्क्यांहून अधिक घरांतलं किमान एक माणूस तरी बाहेर जात होतं. पाणी नाही, पैसा नाही, माहिती नाही, ही नेहमीची कारणं पुरत नव्हती. कॉफी आणि स्पीअर्स यांचं उत्तर आपल्या समाजाच्या वर्मावर बोट ठेवतं. खड्डा भरला की तो कोण उपसणार? सरकारने सांगितलेला दोन खड्ड्यांचा संडास शास्त्रीयदृष्ट्या चांगला आहे. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा; काही महिन्यांत पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं आणि ते हाताळायला धोका उरत नाही. पण ज्या समाजाने मैला उचलण्याचं काम पिढ्यान्पिढ्या एका जातीच्या माथी मारलं, तिथे ते खत काढायलाही कुणी तयार होत नाही. ज्यांच्यावर हे काम लादलं गेलं होतं त्यांनी ते नाकारलं आहे आणि ते पूर्ण न्याय्य आहे; १९९३ आणि २०१३ चे कायदेही त्यांच्या बाजूने आहेत. उरलेल्या समाजाने मात्र आपली घाण आपण काढायची तयारी केलेली नाही. म्हणून एक तर लोक घराएवढी टाकी बांधू पाहतात, नाही तर लहान खड्डा भरू नये म्हणून पुरुष टमरेल घेऊन शेताकडे जातात.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो केवळ रस्ता झाडण्यासाठी नव्हता. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपोषण केलं, तेव्हा येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडलं होतं. पुढे कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेबांनी मैल्याचं खत करणारे संडास तयार केले आणि ते काम माणसाने माणसासाठी करायचं काम आहे, हे स्वतः करून दाखवलं. जातीचा आणि स्वच्छतेचा संबंध या माणसांनी आचरणातून मांडला होता. आज अर्थशास्त्रज्ञांनी त्याला मुलांच्या उंचीचं मोजमाप जोडलं आहे. आपली परंपरा आणि हे नवं संशोधन दोन्ही एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, हे मराठी वाचकाने अभिमानाने आणि जबाबदारीनेही लक्षात घ्यावं.

स्वच्छ भारत अभियानाकडे या प्रकाशात पाहावं लागतं. २०१४ ते २०१९ या काळात देशात प्रचंड संख्येने संडास उभे राहिले, यात शंका नाही. बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांच्या ग्रामीण भागात राइसने २०१८ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा उघड्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण साधारण ७० वरून ४४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. एवढ्या थोड्या काळात एवढा बदल ही मोठी गोष्ट आहे. पण संडास असूनही बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं होतं, आणि दमदाटी, दंड, रेशन बंद करण्याची धमकी असे प्रकारही लोकांनी सांगितले. आपल्याकडच्या 'गुड मॉर्निंग पथकां'नी पहाटे टॉर्च मारून माणसांना पकडलं, त्यांत म्हाताऱ्या आणि गरीब बायकाही होत्या. अपमान करून आणलेली सवय टिकत नाही. हगणदारीमुक्तीचा फलक लागला म्हणजे काम संपलं, असं समजणं मुलांना महागात पडतं.

जमिनीइतकाच महत्त्वाचा भाग आईचा. डायान कॉफीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या ४२.२ टक्के स्त्रिया गरोदर राहतानाच कमी वजनाच्या असल्याचं मांडलं. आफ्रिकेच्या सहारा-दक्षिण भागात हे प्रमाण १६.५ टक्के होतं. गरोदरपणात भारतीय स्त्रीचं वजन सरासरी सातच किलोने वाढतं, असंही तिने दाखवलं. रीतिका खेरा, कॉफी आणि स्पीअर्स यांनी एकत्र कुटुंबांचा केलेला अभ्यास तर प्रत्येक मराठी घराने वाचावा असा आहे. एकाच छपराखाली दोन जावा राहतात. घरचं उत्पन्न एक, चूल एक, संडास एक, हवा-पाणी एक. तरीही धाकट्या जावेची मुलं थोरलीच्या मुलांपेक्षा सरासरीने ठेंगणी निघतात. धाकटीला सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं मिळतं, तिच्या म्हणण्याला वजन नसतं, आणि गरोदरपणातही ती उतरंडीच्या तळाशीच असते. मानापमानाची ही उतरंड तिच्या बाळाच्या हाडांत उतरते. पोषणाचा प्रश्न सासूच्या नजरेपर्यंत आणि पंगतीतल्या क्रमापर्यंत जातो, हे आता कुणाला नाकारता येणार नाही.

तिसरा धागा हवेचा. इथे स्पीअर्सच्या आधी सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञाने वाट दाखवली होती. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या जंगलांना लागलेल्या आगींचा धूर महिनोन्महिने पसरला. जयचंद्रनने २००० च्या जनगणनेत त्या काळात जन्मलेली मुलं मोजली आणि सुमारे १५,६०० मुलं 'हरवलेली' आढळली. म्हणजे जी जन्मायला आणि जगायला हवी होती, पण नव्हती. गर्भात असताना शेवटच्या महिन्यांत मिळालेला धूर सर्वांत घातक ठरला होता. स्पीअर्सने आयआयटी दिल्लीचे साग्निक डे आणि इतरांसोबत भारतातल्या २ लाख १८ हजारांहून अधिक मुलांची उंची आणि त्यांच्या जन्माच्या महिन्यातली हवा यांची तुलना केली. ज्या महिन्यात हवेत सूक्ष्म कण जास्त, त्या महिन्यात जन्मलेली मुलं पुढे किंचित कमी उंचीची. एकेका मुलामागे हा फरक काही मिलिमीटरचा आहे. पण हिवाळ्यातली ही हवा कोट्यवधी बाळं घेतात, आणि कुठल्याही आईला ती घराचं दार लावून थोपवता येत नाही.

राइसच्या संशोधकांनी कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचाही अभ्यास केला. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात जिथे जवळपास नवं केंद्र सुरू झालं, तिथल्या मुलांच्या वाढीला फटका बसल्याचं त्यात दिसतं. महाराष्ट्राने हे विशेष काळजीने वाचावं. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र, नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रं अख्ख्या राज्याला उजेड देतात. पुण्या-मुंबईच्या घरातला दिवा लागतो तेव्हा त्याची राख विदर्भातल्या गावांवर पडते. विजेचं बिल भरलं म्हणून तो हिशेब पुरा होत नाही. शेजाऱ्याच्या सवयींचा आपल्या मुलावर परिणाम होतो, हे आधी गावापुरतं पाहिलं. हवेच्या बाबतीत हा शेजार शेकडो किलोमीटर पसरतो.

पुढची प्रकरणं वाचताना वाचकाने संशोधनाच्या पद्धतीकडे लक्ष द्यावं, एवढी विनंती आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. संडास असलेली घरं बहुधा शिकलेली आणि सुस्थितीतली असतात, मग उंचीचं श्रेय संडासाला कसं द्यायचं? म्हणूनच कधी चिठ्ठ्या टाकून गावं निवडतात, कधी एकाच घरातल्या चुलत भावंडांची तुलना करतात, कधी आगीसारखी कुणाच्या इच्छेवर अवलंबून नसलेली घटना शोधतात. आणि तरीही मतभेद राहतात. जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा ठेंगणं नसतं. पुढच्या अपत्यांपासून फरक सुरू होतो आणि वाढत जातो. त्याचं मूळ त्यांनी पहिल्या मुलग्याच्या ओढीत पाहिलं. स्पीअर्स, कॉफी आणि जेरे बेरमन यांनी या तुलनेच्या पद्धतीवरच प्रश्न उपस्थित केले. हा वाद भांडण म्हणून वाचू नये. एकाच मुलाच्या उंचीवर घर, गाव आणि आभाळ अशा तिन्हींचा हक्क असेल, तर कुणाचा वाटा किती, हे शोधायला असे वाद लागतातच.

महाराष्ट्रात बालमृत्यूंवर झालेलं काम या पुस्तकाला पायाभूत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या कामाचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेले निष्कर्ष पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात उतरले. मूल जगवण्याची लढाई आपण मोठ्या प्रमाणात पुढे नेली आहे. जगलेलं मूल पुरतं वाढावं, ही त्यापुढची लढाई आहे, आणि ती अधिक अवघड आहे. मृत्यू दिसतो, त्याची बातमी होते, विधानसभेत प्रश्न विचारला जातो. खुंटलेली वाढ दिसत नाही, कारण वर्गातली सगळीच मुलं सारखी ठेंगणी असतात.

म्हणून हे पुस्तक केवळ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, आमदार आणि गरोदर सून घरात असलेली प्रत्येक सासू हे त्याचे वाचक आहेत. त्यांनी यातून तीन मागण्या घेऊन उठावं. पहिली, खड्डे उपसण्याची यंत्रावर चालणारी, सन्मानाची आणि जातीशी जोडलेली नसलेली व्यवस्था प्रत्येक तालुक्यात हवी. दुसरी, गरोदर बाईचं वजन किती वाढलं हा प्रश्न बाळाच्या वजनाइतक्याच आस्थेने विचारला जावा आणि तिच्या ताटाची जबाबदारी घरातल्या पुरुषांनीही घ्यावी. तिसरी, हवेची मोजणी शहरांपुरती न ठेवता वीजकेंद्रांच्या आणि कारखान्यांच्या भोवतालच्या गावांत व्हावी, आणि प्रकल्पाच्या खर्चात तिथल्या मुलांच्या आरोग्याचा खर्च धरला जावा.

यातली कुठलीच मागणी एका घराला आपल्यापुरती पुरी करता येत नाही. म्हणूनच त्यांची दिरंगाई सोपी जाते, आणि म्हणूनच ती अन्यायाची आहे. सरकारी योजना पाच वर्षांची असते, प्रकल्पाचा अहवाल दहा वर्षांचा असतो, पण मुलाच्या वाढीचा निर्णायक काळ गर्भातल्या नऊ महिन्यांपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा आहे. तो काळ निघून गेल्यावर दिलेलं अन्न, बांधलेला संडास आणि स्वच्छ झालेली हवा त्या मुलासाठी उशिरा आलेली असते. यंदा जन्मणाऱ्या बाळांना पुढच्या पंचवार्षिकापर्यंत थांबता येणार नाही. आपल्यालाही थांबण्याचा अधिकार नाही.